टाइप-सी कनेक्टरचे सिग्नल राउटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, गोंदिया या जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी, तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान चालवणारे आणि शेतीसाठी छोटी उपकरणे तयार करणारे कारागीर यांच्याकडून टाइप-सीच्या सिग्नलचे बोर्डावरचे मार्ग आखण्याविषयी (राउटिंग) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बोर्ड मोठ्या शहरातून बनून कुरियरने गावात पोहोचेपर्यंत बरेच दिवस जातात. त्यामुळे चूक स्कीमॅटिकमध्ये (जोडण्यांच्या आराखड्यात) असतानाच सापडलेली बरी. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे दिले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे.

१. प्लग उलटसुलट कसाही बसतो, मग बोर्ड डिझाइन करणाऱ्याने वेगळे काय करायचे असते?

यूएसबी टाइप-सीचे पहिले विनिर्देश २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पूर्ण सॉकेटमध्ये २४ पिना असतात: ए१ ते ए१२ ही एक रांग आणि बी१ ते बी१२ ही दुसरी. दोन्ही रांगा विरुद्ध दिशांनी मोजल्या जातात, त्यामुळे ए१ च्या समोर बी१२ येते. ग्राउंडच्या चार पिना (ए१, ए१२, बी१, बी१२) आणि व्हीबसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या, चार पिना (ए४, ए९, बी४, बी९) अशा मांडलेल्या आहेत की प्लग उलटला तरी ग्राउंडवर ग्राउंड आणि व्हीबसवर व्हीबसच येतो.

वेगवान माहिती नेणाऱ्या जोड्यांचे (टीएक्स पाठवणारी, आरएक्स घेणारी; दोन्ही मिळून एक मार्गिका) तसे नाही. ए२-ए३ ही टीएक्स१, तिच्या समोरची बी११-बी१० ही आरएक्स१. बी२-बी३ ही टीएक्स२ आणि तिच्या समोरची ए११-ए१० ही आरएक्स२. प्लग उलटला की केबलमधला जो सिग्नल पहिल्या मार्गिकेवर येत होता, तो दुसऱ्या मार्गिकेवर येतो. कनेक्टर स्वतः काहीही पालटून देत नाही. प्लग कोणत्या बाजूने बसला हे ओळखणे आणि त्याप्रमाणे सिग्नलचा मार्ग बदलणे, ही दोन्ही कामे बोर्डावरच करावी लागतात. ओळखण्याचे काम सीसी पिना करतात (प्रश्न ४) आणि मार्ग बदलण्याचे काम मक्स, म्हणजे सिग्नलचा मार्ग निवडणारी स्विच-चिप, करतो (प्रश्न ५).

२. आमच्या उपकरणाला ५ किंवा १० गिगाबिटच्या जोड्यांची गरज आहे का?

बहुतेक वेळा नसते, आणि हा प्रश्न लेआउट सुरू करण्यापूर्वी स्वतःला विचारावा. कपाशीच्या शेतात ठेवलेले ओलावा-मापक दर मिनिटाला ३२ बाइटची एक नोंद करत असेल, तर वर्षाच्या ५,२५,६०० नोंदी मिळून १७ मेगाबाइटच्या आसपास भरतात. यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिट वेगाने हा साठा सेकंदभरात उतरतो. १२ मेगाबिटच्या जुन्या वेगाने पंधरा-वीस सेकंद लागतील. अशा उपकरणाला केवळ आधुनिक दिसावे म्हणून सुपरस्पीड (५ किंवा १० गिगाबिटच्या या जोड्या) देणे म्हणजे चार थरांचा बोर्ड, मक्स आणि त्यासोबत येणाऱ्या सगळ्या अडचणी विनाकारण विकत घेणे होय. त्याला १६ पिनांचे सॉकेट पुरते, आणि केवळ चार्जिंग हवे असेल तर ६ पिनांचेही चालते.

याउलट वरुड-मोर्शी भागात संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या यंत्रावर ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रे घेत असेल, आणि प्रत्येक पिक्सेलला ८ बिट लागत असतील, तर सेकंदाला ३०० मेगाबाइट माहिती वाहते. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ४० मेगाबाइटच मिळतात, म्हणजे सात-आठ चित्रे. पट्ट्यावरची संत्री तोवर पुढे निघून जातात. तेथे ५ गिगाबिटची मार्गिका हवीच.

३. यूएसबी २.० साठी सॉकेटमध्ये डी+ आणि डी− दोन-दोन वेळा का दिले आहेत आणि ते जोडायचे कसे?

प्लगमध्ये ही जोडी एकच असते, सॉकेटमध्ये मात्र दोन्ही बाजूंना असते. म्हणून बोर्डावर ए६ ला बी६ आणि ए७ ला बी७ थेट जोडतात. येथे मक्स लागत नाही. अडचण क्रमाची आहे. १६ पिनांच्या सॉकेटवर मधल्या चार पिना बी७, ए६, ए७, बी६ अशा, म्हणजे डी−, डी+, डी−, डी+ अशा येतात, आणि एकाच थरावर दोन्ही जोडण्या करू गेल्यास ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा) एकमेकांना छेदतात. एक जोडणी वरच्या थरावर पॅडच्या पुढून वळवावी आणि दुसरी दोन व्हायांतून (थर जोडणाऱ्या छिद्रांतून) खालच्या थरावरून न्यावी.

ज्या बाजूने प्लग बसलेला नसतो, तेथला तुकडा सिग्नलच्या दृष्टीने लोंबकळणारा फाटा असतो. त्याची लांबी ३.५ मिलिमीटरच्या आत ठेवावी. जोडणी सॉकेटपाशीच केली तर हे सहज साधते. सोयीसाठी दोन्ही जोड्या चिपपर्यंत वेगवेगळ्या नेऊन तेथे जोडल्या तर साधत नाही.

४. सीसी१ आणि सीसी२ ला मिळून ५.१ किलोओहमचा एकच रेझिस्टर लावला तर चालेल का?

नाही. दोन्ही पिनांना स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. वीज घेणाऱ्या उपकरणात सीसी१ (ए५) आणि सीसी२ (बी५) यांच्यापासून ग्राउंडला प्रत्येकी ५.१ किलोओहम लागतो. वीज देणाऱ्या बाजूला वर खेचणारा रेझिस्टर असतो: ५ व्होल्टला जोडला असेल तर नेहमीच्या प्रवाहासाठी ५६, दीड अँपिअरसाठी २२ आणि ३ अँपिअरसाठी १० किलोओहम. केबलमध्ये सीसीची तार एकच असल्याने दोनपैकी एकाच पिनेवर जोडणी दिसते, आणि ती कोणत्या पिनेवर दिसली यावरूनच बाजू ठरते.

दोन्ही पिना एकत्र बांधल्या की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीचे आहे. तिच्यात दोन्ही पिनांना सामाईक रेझिस्टर होता. ओळख-चिप असलेल्या केबलमध्ये दुसऱ्या पिनेवर सुमारे १ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो ५.१ शी समांतर आला आणि काही चार्जरना समोर श्राव्य उपकरण लागले आहे असे वाटून त्यांनी वीजच सोडली नाही. साध्या केबलने मात्र तेच बोर्ड व्यवस्थित चालत होते. पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली.

रेझिस्टर अजिबात लावले नाहीत, तर ए-ते-सी केबलने उपकरण चालते, कारण ए-प्रकारच्या सॉकेटवर ५ व्होल्ट कायम असतात. सी-ते-सी केबल लावली की ते गप्प बसते. दुरुस्तीच्या दुकानात ‘नव्या चार्जरने चार्ज होत नाही’ म्हणून येणाऱ्या स्वस्त वस्तूंमध्ये आधी हेच तपासावे.

५. मक्स केव्हा लागतो आणि केव्हा टाळता येतो?

सॉकेट आहे आणि सुपरस्पीड वापरायचे आहे, तर संगणक असो वा कॅमेरा, मक्स किंवा त्याचे काम करणारी चिप लागते. प्रत्येक टोक आपापली बाजू स्वतंत्रपणे ओळखते. समोरचे टोक आपल्यासाठी जोड्या पालटून देईल असे गृहीत धरता येत नाही.

अपवाद तीन. उपकरणाला सॉकेटऐवजी थेट प्लग असेल किंवा केबल कायमची जोडलेली असेल, उदाहरणार्थ पेन ड्राइव्ह, तर मक्स लागत नाही, कारण उलटसुलटीचा विचार समोरचे सॉकेट करते. फक्त यूएसबी २.० असेल तरी लागत नाही. आणि काही प्रोसेसर व हब-चिपांच्या आतच दोन्ही मार्गिकांची सोय असते. तेथे वेगळा मक्स लावणे म्हणजे सिग्नलचे निष्कारण नुकसान ओढवून घेणे आहे, म्हणून डेटाशीट वाचल्याशिवाय मक्सची ऑर्डर देऊ नये.

नवख्यांसाठी माझी शिफारस अशी की सीसी-नियंत्रक आणि मक्स एकाच चिपमध्ये असलेला भाग निवडावा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एचडी३एसएस३२२० ही अशीच चिप आहे. बाजू ओळखणारी आणि मार्ग बदलणारी चिप एकच असली की प्रश्न १२ मध्ये सांगितलेला दोष उद्भवतच नाही.

६. कनेक्टर, संरक्षण, मक्स आणि प्रोसेसर यांचा क्रम कोणता असावा?

कनेक्टरला लागून स्थितिक विजेपासून संरक्षण देणारे डायोड, मग गरज असल्यास कॉमन-मोड चोक (दोन्ही तारांवरचा सामाईक गोंगाट अडवणारा भाग), मग मक्स आणि शेवटी प्रोसेसर. डायोडकडे जाणारा फाटा काढू नये. ट्रेस डायोडच्या पॅडवरूनच पुढे गेला पाहिजे. टीएक्स१-आरएक्स१ एका अंगाला आणि टीएक्स२-आरएक्स२ दुसऱ्या अंगाला अशी कनेक्टरचीच मांडणी असल्यामुळे मक्स मधोमध, कनेक्टरच्या समोर ठेवला की दोन्ही मार्गिका एकमेकींना न छेदता त्याच्यापर्यंत पोहोचतात. बोर्डाच्या कोपऱ्यात जागा आहे म्हणून मक्स तेथे ढकलला, तर हा फायदा जातो आणि व्हाया वाढतात.

७. इम्पीडन्स ९० ओहम ठेवायचा की ८५, आणि दोन थरांच्या बोर्डावर तो जमतो का?

यूएसबी २.० आणि ५ गिगाबिटसाठी ९० ओहमच्या डिफरन्शियल इम्पीडन्सचे (जोडीत सिग्नलला जाणवणाऱ्या अवरोधाचे) लक्ष्य ठेवावे. १० गिगाबिटच्या पुढे आणि यूएसबी४ मध्ये बरेच चिपनिर्माते ८५ मागतात. त्यांनी मागितले असेल तर तेच पाळावे. एकाच मार्गावर अर्धे अंतर ९० आणि अर्धे ८५ असे करू नये.

दोन थरांच्या १.६ मिलिमीटर जाड बोर्डात ट्रेस आणि खालचे ग्राउंड यांच्यात दीड मिलिमीटरचे अंतर राहते. इतक्या अंतरावर इम्पीडन्स आटोक्यात आणण्यासाठी रुंद ट्रेस आणि दोन्ही बाजूंना अगदी जवळून ग्राउंडचे तांबे द्यावे लागते. यूएसबी २.० चा दोन-तीन सेंटिमीटरचा मार्ग यात निभावतो. सुपरस्पीडसाठी मात्र चार थर घ्यावेत. ट्रेसची रुंदी इंटरनेटवरच्या कोणत्याही तक्त्यावरून न घेता, बोर्ड बनवणाऱ्याकडून त्याच्या थरांची जाडी आणि डायइलेक्ट्रिकचा स्थिरांक मागवून त्यावर हिशेब करावा. एकाच नावाच्या एफआर-४ या बोर्ड-साहित्याचे थर दोन कारखान्यांत वेगळे निघतात.

८. ट्रेसची लांबी किती काटेकोर जुळवायची? टीएक्स आणि आरएक्ससुद्धा सारखे करायचे का?

जोडीतल्या दोन ट्रेसची लांबी जुळवायची. टीएक्स आणि आरएक्सची एकमेकांशी जुळवायची गरज नाही. त्या दोन वेगळ्या दिशांच्या स्वतंत्र वाहिन्या आहेत आणि घड्याळाची वेळ प्रत्येकीच्या माहितीतच गुंफलेली असते. विद्यार्थ्यांच्या लेआउटमध्ये चारही जोड्या समान करण्यासाठी केलेली सापासारखी वळणे वारंवार दिसतात. त्यांनी लाभ काहीच होत नाही, उलट नुकसान वाढते.

एफआर-४ वर सिग्नलला एक मिलिमीटर जायला साधारण ६ ते ७ पिकोसेकंद लागतात. ५ गिगाबिटला एका बिटचा काळ २०० पिकोसेकंद, १० गिगाबिटला १०० पिकोसेकंद. जोडीतला फरक सव्वाशे मायक्रॉनच्या, म्हणजे ५ मिलच्या आत ठेवला तर तो एका पिकोसेकंदाच्या आसपासच राहतो. यूएसबी २.० ला बिटचा काळ सुमारे २,०८० पिकोसेकंद असल्याने तेथे मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. जुळवणीचे वळण जेथे फरक पडला तेथेच, म्हणजे बहुधा कनेक्टरच्या किंवा चिपच्या पॅडजवळ द्यावे.

९. ट्रेस छेदतात म्हणून एखाद्या जोडीतले प्लस आणि मायनस बदलले तर चालते का?

सुपरस्पीडमध्ये चालते. घेणाऱ्या चिपने ध्रुवता उलटी आहे हे ओळखून ती आपोआप सरळ करावी, असे विनिर्देशच सांगतात. त्यामुळे एक व्हाया वाचत असेल तर ही अदलाबदल निःशंक करावी आणि स्कीमॅटिकवर तशी नोंद ठेवावी. यूएसबी २.० च्या डी+ आणि डी− मध्ये ही मुभा नाही. चिपने स्पष्ट सोय दिली असेल तरच. त्याच जोड्यांवर चित्र-संकेत पाठवायचा असेल, तर प्रश्न १४ पाहावा.

१०. मार्गातले कॅपॅसिटर किती मूल्याचे आणि कोठे लावायचे?

प्रत्येक उपकरण आपल्या टीएक्स जोडीवर कॅपॅसिटर लावते. समोरच्याचे त्याच्याकडे असतात. ५ गिगाबिटला १०० नॅनोफॅरड आणि १० गिगाबिटला २२० नॅनोफॅरड ही रूढ मूल्ये आहेत. प्रोसेसर आणि मक्सच्या मध्ये लावले तर दोन पुरतात. मक्स आणि कनेक्टरच्या मध्ये लावले तर टीएक्स१ आणि टीएक्स२ मिळून चार लागतात. यातले कोणते करायचे ते मक्सला कोणता कॉमन-मोड व्होल्टेज (जोडीतल्या दोन्ही तारांचा सरासरी व्होल्टेज) चालतो यावर ठरते, आणि ते त्याच्या डेटाशीटमध्येच सापडते. दोन्ही कॅपॅसिटर शेजारी-शेजारी, एकाच आडव्या रेषेत आणि शक्यतो ०२०१ किंवा ०४०२ आकाराचे असावेत. १० गिगाबिटला त्यांच्या पॅडखालचे ग्राउंडचे तांबे मोजून-मापून कापावे लागते. ५ गिगाबिटला त्याची फारशी गरज पडत नाही.

११. आमच्याकडचा उन्हाळा, धूळ आणि कापसाची रुई यांचा राउटिंगशी संबंध येतो का?

राउटिंगशी थोडा, सॉकेटच्या निवडीशी अधिक. अकोला, चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत तापमान त्याहून बरेच वर असते. अशा ठिकाणी ८५ अंशांपर्यंत चालणाऱ्या औद्योगिक दर्जाच्या चिपा घ्याव्यात. कोरड्या हवेत बोटावरची स्थितिक वीज सहज सुटते, म्हणून संरक्षक डायोड वगळू नयेत. मात्र वेगवान जोड्यांवर त्यांची धारिता अर्ध्या पिकोफॅरडच्या आत असावी, नाहीतर संरक्षणच सिग्नल खाते.

जिनिंगच्या शेडमध्ये सॉकेटात रुई आणि सरकीचा भुसा बसतो, पावसाळ्यात तो ओल धरतो. व्हीबसच्या शेजारच्याच पिना सीसी (ए४-ए५) आणि जादा कामांसाठीची एसबीयू (ए८-ए९) आहेत. ५ व्होल्टच्या उपकरणात हे निभावते. २० व्होल्टची पॉवर डिलिव्हरी (जास्त व्होल्टेजने वीज देण्याची यूएसबीची पद्धत) वापरायची असेल तर त्या पिनांना व्हीबसचा शॉर्ट सोसणारे संरक्षण द्यावेच लागते, कारण सीसी-नियंत्रकाची पिन बहुधा ५-६ व्होल्टच्या पुढे टिकत नाही.

१२. एका बाजूने प्लग लावला तर ५ गिगाबिट मिळतात, उलटा लावला की ४८० मेगाबिटच. दोष कोठे शोधावा?

प्रथम लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेची झाडासारखी यादी काढून वेग ५००० दिसतो की ४८० ते दोन्ही बाजूंनी नोंदवावे, आणि दुसरी केबल लावून खात्री करावी. यूएसबी २.० ची जोडी वेगळी असल्याने सुपरस्पीड मेले तरी उपकरण चालत राहते. त्यामुळे हा दोष कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

नंतर मक्सची निवड-पिन मोजावी. प्लग उलटल्यावर तिचा व्होल्टेज बदलायला हवा. सीसी-नियंत्रक जोडणी पक्की मानण्यापूर्वी १०० ते २०० मिलिसेकंद थांबतो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. व्होल्टेज बदलत नसेल, तर सीसीपैकी एका पिनेचे सोल्डर सुटले आहे किंवा नियंत्रकापासून मक्सपर्यंतची तार तुटली आहे. बदलत असेल आणि एकच बाजू चालत असेल, तर न चालणाऱ्या मार्गिकेचे कॅपॅसिटर, डायोड आणि कनेक्टरच्या पॅडचे सोल्डर भिंगाखाली पाहावे. दोन्ही बाजूंनी ४८० च मिळत असेल, तर शंका निवड-पिनेच्या उलट्या तर्काची घ्यावी: नियंत्रक ‘उच्च’ म्हणजे सीसी२ समजतो आणि मक्स ‘उच्च’ म्हणजे पहिली मार्गिका समजतो. वेगळ्या कंपन्यांच्या दोन चिपा घेतल्या की हा घोटाळा हमखास होतो.

१३. सुपरस्पीड चालू झाले की वाय-फाय किंवा ब्लूटूथचा पल्ला का घटतो?

५ गिगाबिटच्या माहितीची ऊर्जा एका वारंवारितेवर नसून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असते आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या मधोमध येतो. इंटेलने २०१२ मध्येच याविषयी तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. शेतातली उपकरणे लोरावर (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवर) चालत असतील, तर आपल्याकडचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टाही त्याच पसाऱ्यात आहे. कनेक्टरचे धातूचे कवच चारही पायांनी ग्राउंडला जोडावे, वेगवान जोड्यांखाली ग्राउंड अखंड ठेवावे, थर बदलताना सिग्नलच्या व्हायांशेजारी ग्राउंडचे व्हाया द्यावेत आणि अँटेना बोर्डाच्या विरुद्ध टोकाला न्यावा. केबल स्वस्त असेल तर एवढे करूनही फरक पडत नाही. आधी केबल बदलून पाहावी.

१४. त्याच सॉकेटमधून डिस्प्लेपोर्ट (पडद्यासाठीचा चित्र-संकेत) द्यायचा असेल तर राउटिंग कसे बदलते?

साधा दोनास-एक मक्स पुरत नाही. चारही जोड्या चित्रासाठी किंवा दोन चित्रासाठी आणि दोन यूएसबीसाठी, अशा रचना प्लगच्या दोन्ही बाजूंना जमवणारा क्रॉसबार प्रकारचा मक्स लागतो. शिवाय एसबीयू१ (ए८) आणि एसबीयू२ (बी८) यांवरून डिस्प्लेपोर्टची सहायक वाहिनी जाते. प्लग उलटला की तिचे दोन पदर आपसांत बदलतात, म्हणून तेही पालटावे लागतात. ही गोष्ट विसरली, तर एका बाजूने चित्र येते आणि दुसऱ्या बाजूने पडदा काळा राहतो. प्रश्न ९ मधली ध्रुवतेची मुभा येथे गृहीत धरू नये.

१५. ट्रेस लांब आहे, तर रीड्रायव्हर (सिग्नल वाढवणारी चिप) लावावा का?

१० गिगाबिटला ५ गिगाहर्ट्झवर एकूण २३ डेसिबलचे नुकसान गृहीत धरले आहे: दोन्ही टोकांच्या बोर्डांना प्रत्येकी ८.५ आणि केबलला ६. आपल्या ८.५ मध्ये मक्स, डायोड, व्हाया आणि ट्रेस सगळे बसले पाहिजे. बसत नसेल तर आधी चिप कनेक्टरजवळ आणावी. तेही शक्य नसेल, तरच रीड्रायव्हर. कारण तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो.

१६. पेटीच्या बाहेर आणण्यासाठी सी-प्रकारची एक्स्टेन्शन केबल लावली, तर उपकरण एकाच बाजूने चालते. बोर्डात दोष आहे का?

बहुधा नाही. प्लग आणि सॉकेट असलेली अशी केबल टाइप-सीच्या विनिर्देशांत बसतच नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक केबलींमध्ये ए५ ची तार असते आणि बी५ ची नसते. बाहेरच्या सॉकेटात प्लग सरळ बसला तर सीसीचा संकेत आतपर्यंत पोहोचतो. उलटा बसला तर तो बी५ वर येऊन तेथेच संपतो, आणि आतल्या बोर्डाला काही जोडले आहे हेच कळत नाही. २४ ही तारा असलेली केबल मिळाली तर दोन्ही बाजू चालतात, पण सुपरस्पीडच्या मार्गात आणखी एक कनेक्टर वाढतो आणि प्रश्न १५ मधला हिशेब कोलमडण्याची शक्यता राहते.

धूळरोधक पेटी हवी असेल, तर सॉकेट बोर्डाच्या कडेला ठेवून बोर्डच पेटीच्या भिंतीला टेकवावा आणि तोंडाला रबरी बूच असलेले सॉकेट निवडावे. पेटी आधीच तयार असेल आणि बोर्ड हलवता येत नसेल, तर सॉकेट, सीसी-नियंत्रक आणि मक्स असलेला छोटा वेगळा बोर्ड भिंतीवर बसवावा. मग आत फक्त एक टीएक्स, एक आरएक्स, यूएसबी २.० ची जोडी आणि वीज एवढेच न्यावे लागते.